उजव्या हृदयाचा इको: तयारीपासून रिपोर्टपर्यंत, क्रमानं

मिरजेत उपचाराला येणाऱ्या पेशंटच्या पिशवीत हल्ली एखादा तरी इकोचा रिपोर्ट असतोच. कुणी विट्याला काढलेला, कुणी कराडला, कुणी फलटणला. डाव्या बाजूबद्दल त्यात पानभर मजकूर असतो आणि उजव्या बाजूबद्दल एकच ओळ: ‘आरए, आरव्ही नॉर्मल. पीएएच नाही.’ म्हणजे उजवं एट्रियम (वरचा कप्पा) आणि उजवं व्हेंट्रिकल (खालचा कप्पा) ठीक, फुप्फुसाच्या धमनीचं प्रेशर वाढलेलं नाही.

जत तालुक्यातल्या एका पन्नाशीच्या बाईंच्या फाईलमध्ये असे तीन रिपोर्ट होते, तिन्ही एका वर्षातले. बाईंची निम्मी हयात चुलीपुढं गेलेली. दहा पायऱ्यांना दोनदा बसावं लागायचं, पावलं सुजलेली. चौथा इको मी केला. ट्रायकस्पिडच्या, म्हणजे उजव्या दोन कप्प्यांमधल्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताच्या धारेचा (जेटचा) वेग ३.८ मीटर प्रति सेकंद मिळाला. मग आधीच्या तिन्ही रिपोर्टांचे प्रिंट नीट बघितले. त्या जेटवर डॉप्लर (रक्ताचा वेग मोजण्याची सोय) टाकल्याचं एकही चित्र त्यात नव्हतं. जेट शोधलाच नव्हता आणि प्रेशर नॉर्मल म्हणून लिहिलं होतं. त्या वर्षभरात बाईंना फक्त लोहाच्या गोळ्या मिळाल्या होत्या.

हा लेख ज्यांच्या हातात प्रोब आहे त्यांच्यासाठी आहे: तालुक्याच्या गावी इको करणारे फिजिशियन, आयसीयूतले रेसिडेंट, इको टेक्निशियन. डाव्या बाजूचा इको तुम्हाला येतो हे धरून चाललोय. पेशंटनी आणि नातेवाईकांनी यावरून आपल्या रिपोर्टचा अर्थ स्वतः लावू नये, आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.

आरव्ही म्हणजे उजवं व्हेंट्रिकल चंद्रकोरीसारखं डाव्याला बिलगून असतं. कुठल्याही एका कापात ते पूर्ण दिसत नाही. डाव्या बाजूसाठी काढलेल्या चित्रावरच जाता जाता उजवी बाजू मोजून टाकणं ही मूळ चूक, आणि खाली सांगितलेल्या बहुतेक चुका तिच्यातूनच निघतात. आकाराचे आणि कामाचे आकडे अमेरिकन सोसायटी ऑफ इकोकार्डिओग्राफीच्या २०१० आणि २०१५ च्या सूचनांनुसार दिले आहेत, फुप्फुसाच्या प्रेशरचे बरेचसे युरोपियन सोसायटी ऑफ कार्डिओलॉजीच्या २०२२ च्या सूचनांनुसार.

## टप्पा १: प्रोब हातात घेण्याआधी

पेशंटला टेबलावर घेण्याआधी पाच गोष्टी कागदावर लिहा: उंची-वजन, रक्तदाब, ऑक्सिजनचं प्रमाण (आणि ऑक्सिजन चालू आहे का), आज लघवीची गोळी घेतली का, डायलिसिस असेल तर शेवटचं कधी झालं. शेवटच्या दोन गोष्टी हमखास राहतात. डायलिसिसच्या आधी फुगलेली आयव्हीसी (शरीराच्या खालच्या भागातून हृदयात येणारी मोठी शीर) संध्याकाळी सपाट दिसते, जेटचा वेगही उतरतो. एक रिपोर्ट डायलिसिसच्या आधीचा आणि दुसरा नंतरचा असला, तर दोघांची तुलना करून काहीच कळत नाही.

ईसीजीच्या तारा लावा. घाई असली तरी लावाच. डायस्टोलचा (हृदय भरण्याच्या काळाचा) शेवट नेमका कुठला हे तारांशिवाय अंदाजानं ठरतं, आणि आरव्हीच्या मापात तो अंदाज महागात पडतो. शेतातून थेट आलेल्या माणसाच्या अंगावर घाम असतो, आजींच्या अंगाला तेल चोळलेलं असतं. इलेक्ट्रोड निघून येतात. कोरड्या कापडानं पुसा, मग चिकटवा.

पेशंटला डाव्या कुशीवर घ्या, डावा हात डोक्याखाली. बाईमाणूस असेल तर नर्स किंवा मावशी खोलीत हव्यात आणि अंगावर चादर हवी. लाजेनं आखडून पडलेल्या पेशंटची खिडकी (प्रोबला हृदय दिसण्याची जागा) कधीच चांगली मिळत नाही, त्यामुळे हा शिष्टाचार चित्राच्याही कामाचा आहे.

श्वासाच्या सूचना आधीच एकदा करून घ्या. ‘एक्स्पिरेशन’ म्हटलेलं कुणाला कळत नाही. ‘आजी, श्वास सोडा… आता तिथंच थांबा’ एवढं पुरतं. ‘स्निफ’, म्हणजे नाकानं पटकन श्वास ओढणं, समजावणं अवघड, त्यावर आयव्हीसीच्या टप्प्यात एक उपाय सांगतो.

मशीनवर स्वीप स्पीड १०० मिमी प्रति सेकंद ठेवा आणि कलर डॉप्लरची मर्यादा ५० ते ६० सेमी प्रति सेकंदाच्या आसपास. प्रत्येक क्लिपमध्ये तीन ठोके घ्या, एट्रियल फिब्रिलेशन (अनियमित ठोके) असेल तर पाच.

इशारा: पोर्टेबल मशीन गावोगावच्या शिबिराला न्यायचं असेल तर पीसीपीएनडीटी (गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या) कायद्याखालची नोंदणी आणि परवानगी आधी बघा. इको हृदयाचा असला तरी मशीनला कायदा लागू होतो.

## टप्पा २: पॅरास्टर्नल खिडकी

छातीच्या हाडाशेजारच्या या खिडकीत फार वेळ घालवायचा नाही, पण सेप्टम (दोन व्हेंट्रिकलमधला पडदा) बघण्याची जागा हीच.

लाँग ॲक्सिसमध्ये वर दिसतो तो आरव्हीचा बाहेर जाण्याचा मार्ग. तो ३० मिमीपेक्षा रुंद असेल तर नोंद करा. प्रोब थोडा उजव्या कमरेकडे झुकवला की आरव्ही इनफ्लो दिसतो. ट्रायकस्पिडचा जेट बघायची ही पहिली संधी, तेव्हा लगेच कलर टाकून ठेवा.

मग शॉर्ट ॲक्सिस, पॅपिलरी स्नायूंच्या पातळीवर. डावं व्हेंट्रिकल गोल हवं. सेप्टम सपाट होऊन त्याचा ‘डी’ झाला असेल तर तो कधी होतो ते बघा. सिस्टोलमध्ये (आकुंचनाच्या काळात) सपाट राहत असेल तर उजवीकडे प्रेशरचा भार. फक्त डायस्टोलमध्ये सपाट होऊन सिस्टोलमध्ये पुन्हा गोल होत असेल तर रक्ताच्या जादा प्रमाणाचा भार, जसं एएसडीमध्ये (दोन एट्रियममधल्या पडद्याला छिद्र) किंवा जोरात गळणाऱ्या ट्रायकस्पिडमध्ये. क्लिप थांबवून एकेक फ्रेम पुढं सरकवा. नुसत्या नजरेनं हे निसटतं.

तपासा: काप तिरपा गेला की नॉर्मल डावं व्हेंट्रिकलही लंबगोल दिसतं. दोन्ही पॅपिलरी स्नायू सारखे दिसतायत का? लेफ्ट बंडल ब्रँच ब्लॉक, पेसमेकर किंवा झालेली बायपास असेल तर सेप्टमची हालचाल तशीही विचित्र असते. तिथं ‘डी’चा अर्थ जपून लावा.

## टप्पा ३: आरव्हीसाठी वेगळं चित्र

या टप्प्याला पाच मिनिटं जादा द्या.

नेहमीच्या एपिकल (हृदयाच्या टोकाकडून घेतलेल्या) फोर चेंबरमध्ये डावं व्हेंट्रिकल नीट दिसतं आणि आरव्हीची बाहेरची भिंत बरगडीच्या सावलीत किंवा फुप्फुसाच्या पडद्यामागं जाते. त्या चित्रावर आरव्ही मोजली तर प्रोब एक बोट इकडंतिकडं झाला तरी आकडा बदलतो. म्हणून प्रोब थोडा बाहेर, काखेच्या दिशेनं सरकवा आणि बीम उजव्या खांद्याकडं वळवा. एपेक्स (टोक) डाव्या व्हेंट्रिकलचाच राहिला पाहिजे आणि तो सेक्टरच्या मध्यावर पाहिजे. आता प्रोब जागेवर ठेवून हळूहळू फिरवा. आरव्हीचा तळ सर्वांत रुंद दिसेल तिथं थांबा. हेच आरव्ही-फोकस्ड चित्र.

फिरवताना महाधमनीचा मार्ग उघडून पाचवा कप्पा दिसायला लागला तर तुम्ही पुढं गेलात, मागं या. कोरोनरी सायनस दिसायला लागला तर फार मागं गेलात.

दमेकरी पेशंट, बिडी ओढणारे, जुना टीबी होऊन गेलेले, यांच्यात ही खिडकी मिळतच नाही. तिथं हट्ट न करता सरळ सबकॉस्टलला (बरगड्यांखालच्या खिडकीला) जा. धूसर एपिकल चित्रावरचे पाच आकडे एका स्वच्छ सबकॉस्टल क्लिपच्या तोडीचे नसतात.

तपासा: पुढं जाण्याआधी तीन प्रश्न. आरव्हीची बाहेरची भिंत तळापासून टोकापर्यंत दिसते का? एपेक्स डाव्याचाच आहे का, आणि तो ठोक्यागणिक आखूड होत नाही ना? मॉडरेटर बँड (आरव्हीतला आडवा मांसल पट्टा) ओळखता येतो का? एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर मोजमाप सुरू करू नका.

## टप्पा ४: आकार

डायस्टोलच्या शेवटी, म्हणजे ट्रायकस्पिड मिटण्याच्या क्षणी फ्रेम थांबवा. तळाची रुंदी ४१ मिमीपेक्षा जास्त किंवा मधली ३५ मिमीपेक्षा जास्त असेल तर आरव्ही मोठी. तळाची रुंदी डाव्याच्या रुंदीपेक्षा जास्त असेल, किंवा एपेक्स आरव्हीनं व्यापलं असेल, तर ती नजरेलाही मोठी दिसेल.

उजवं एट्रियम मात्र सिस्टोलच्या शेवटी मोजायचं, ते सर्वांत भरलेलं असताना. १८ चौरस सेमीपेक्षा जास्त क्षेत्रफळ म्हणजे मोठं. आरव्ही आणि आरए एकाच फ्रेमवर मोजलेले प्रिंट मी कितीतरी वेळा बघितलेत. त्यात दोनपैकी एक आकडा चुकलेला असतोच.

एक अपवाद मनात ठेवा. साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनसाठी वर्षभर यवतेश्वरचा घाट पळणाऱ्या तरुणाची आरव्ही आणि आयव्हीसी दोन्ही मोठ्या दिसू शकतात. बाकी सगळं नॉर्मल असेल तर त्याला घाबरवू नका.

## टप्पा ५: काम

इथं एकच आकडा लिहून मोकळं होण्याची सवय सगळीकडं आहे, आणि तो आकडा म्हणजे टॅप्सी, सिस्टोलमध्ये ट्रायकस्पिडची रिंग किती सरकते त्याचं माप. टॅप्सी सोपी आहे, दर वेळी साधारण सारखी येते, म्हणून आवडते. पण ती आरव्हीच्या एकाच कोपऱ्याची, एकाच दिशेची हालचाल सांगते.

टॅप्सी. एम-मोडची रेषा ट्रायकस्पिड रिंगच्या बाहेरच्या टोकातून न्या. रिंग ज्या दिशेनं सरकते त्याच दिशेला रेषा समांतर हवी. डायस्टोलच्या शेवटापासून सिस्टोलच्या टोकापर्यंत, एकाच कडेवर मोजा. १७ मिमीपेक्षा कमी म्हणजे कमी.

चुका दोन बाजूंनी होतात. रेषा तिरपी गेली तर टॅप्सी उगाचच कमी येते. दुसरीकडं, हृदयाभोवती पाणी असेल आणि हृदय सगळंच झुलत असेल तर ती उगाचच जास्त येते, कारण रिंगबरोबर अख्खं हृदय हलतंय. बायपास किंवा झडपेचं ऑपरेशन झालेल्यांत टॅप्सी बऱ्याचदा १२-१३ येते, तरी आरव्हीचं एकूण काम ठीक असतं. तिथं टॅप्सी एकटी धरून ‘आरव्ही फेल्युअर’ लिहिणं म्हणजे पेशंटला नाहक घोर लावणं.

टिश्यू डॉप्लरचा एस-प्राइम, म्हणजे रिंग सरकण्याचा वेग. त्याच जागी पल्स डॉप्लर, तोच कोन. ९.५ सेमी प्रति सेकंदापेक्षा कमी म्हणजे कमी. सुरुवातीची तीक्ष्ण सुई हे आयसोव्होल्युमिक (झडपा मिटलेल्या असतानाचं) आकुंचन, ते मोजायचं नाही. त्यानंतरची सिस्टोलची लाट मोजायची. घाईत ही चूक खूपदा होते.

एफएसी, म्हणजे पोकळीचं क्षेत्रफळ किती टक्क्यांनी आकसतं ते. आरव्हीची पोकळी डायस्टोलच्या शेवटी आणि सिस्टोलच्या शेवटी रेखाटा. २४ चौरस सेमीची १७ झाली तर फरक ७, म्हणजे २९ टक्के. ३५ टक्क्यांपेक्षा कमी म्हणजे कमी. मॉडरेटर बँड आणि आतल्या मांसल पट्ट्या पोकळीतच धरायच्या. रेषा त्यांच्या आतल्या कडेनं नेली तर आकडा बदलतो.

स्ट्रेनची (भिंत किती टक्के आखडते ते मोजण्याची) सोय मशीनवर असेल तर बाहेरच्या भिंतीचा स्ट्रेन घ्या. उणे २० टक्क्यांपेक्षा कमी आकुंचन असेल तर संशय धरा. पण निम्मी भिंत दिसत नसताना सॉफ्टवेअरनं दिलेला स्ट्रेन लिहू नका.

इशारा: टॅप्सी, एस-प्राइम आणि एफएसी यांपैकी किमान दोन जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर तुम्ही आरव्ही कमकुवत आहे की नाही हे ठरवत नाही आहात, कुठला आकडा चुकला ते ठरवताय. मागं जा आणि चित्र पुन्हा घ्या.

## टप्पा ६: ट्रायकस्पिडचा जेट

फुप्फुसाच्या प्रेशरचा अंदाज या जेटवर उभा असतो. वेगाचा वर्ग गुणिले चार, त्यात उजव्या एट्रियमचं प्रेशर मिळवलं की आरव्हीचं सिस्टोलिक प्रेशर येतं. पल्मनरी झडपेला (आरव्हीतून फुप्फुसाच्या धमनीत उघडणारी) अडथळा नसेल तर तेच फुप्फुसाच्या धमनीचं.

वेगाचा वर्ग होतो, म्हणून छोटी चूक मोठी होते. खरा वेग ३.४ मीटर प्रति सेकंद असेल तर ग्रेडियंट (आरव्ही आणि आरएच्या प्रेशरमधला फरक) ४६ मिमी पारा. कर्सर जेटशी ३० अंशांचा कोन करून पडला तर मशीन २.९ दाखवेल आणि ग्रेडियंट ३५ वर येईल. पेशंट तोच, प्रेशर तेच, फक्त कोनापायी अकरा मिलिमीटर गेले.

क्रम असा ठेवा:

१. आधी कलर. एपिकल, आरव्ही इनफ्लो, महाधमनीच्या पातळीचा शॉर्ट ॲक्सिस, सबकॉस्टल, या चारही ठिकाणी जेट शोधा.

२. जिथं जेट सरळ प्रोबकडं किंवा प्रोबपासून जातो तिथं सीडब्ल्यू (कंटिन्युअस वेव्ह) डॉप्लर टाका. एपिकलमध्ये प्रोब थोडा आत सरकवल्यावर, नेहमीच्या फोर चेंबरपेक्षा वेगळ्या जागी, बऱ्याचदा जेट सापडतो.

३. प्रत्येक खिडकीतला वेग लिहा आणि सर्वांत जास्त असेल तोच धरा. सरासरी काढायची नाही. सरासरी फक्त एकाच खिडकीतल्या ठोक्यांची.

४. गेन (सिग्नलची तीव्रता) आवरा. जेटच्या कडेला धुकं, दाढी वाढल्यासारखी किनार येते. तिच्या टोकावर मोजलं तर वेग वाढतो. गडद, भरीव कडेवर मोजा. ३.० चा ३.३ झाला तरी ग्रेडियंट ३६ वरून ४४ वर जातो.

जेटची कडा अर्धवट असेल तर कल्पनेनं पूर्ण करू नका. ‘जेट अपुरा, प्रेशर मोजता आलं नाही’ असं लिहा. याला कमीपणा मानायचं कारण नाही. जेट न मिळणं म्हणजे प्रेशर नॉर्मल, हे समीकरण मात्र कुणाचं तरी वर्ष वाया घालवतं. जतच्या त्या बाईंचं असंच गेलं.

आणखी एक सापळा. ट्रायकस्पिड झडप मिटतच नसेल इतकी गळत असेल तर जेट त्रिकोणी, खंजिरासारखा येतो आणि वेग कमी दाखवतो, कारण आरए आणि आरव्ही जवळजवळ एकच कप्पा झालेला असतो. तिथं बर्नोलीचं सूत्र (वेगाचा वर्ग गुणिले चार) प्रेशर कमी सांगतं. वेग लिहा, त्रिकोणी आकार लिहा, आणि प्रेशरबद्दल ‘कमी दिसण्याची शक्यता’ असं स्पष्ट लिहा.

तपासा: वेग २.८ किंवा कमी असेल आणि दुसरी काही खूण नसेल तर पल्मनरी हायपरटेन्शनची शक्यता कमी. २.९ ते ३.४ च्या मध्ये इतर खुणांवर ठरतं. ३.४ च्या वर शक्यता जास्त. जेट मिळाला नाही, पण इतर खुणा असतील, तर ती ‘मध्यम शक्यता’ आहे, ‘कमी’ नाही.

## टप्पा ७: पल्मनरी झडपेचा डॉप्लर

शॉर्ट ॲक्सिसमध्ये पल्मनरी झडपेच्या थोडं अलीकडं पल्स डॉप्लरचा नमुना ठेवा. लाट सुरू झाल्यापासून शिखरापर्यंतचा वेळ मोजा. १०५ मिलिसेकंदांपेक्षा कमी असेल किंवा लाटेच्या मधोमध खाच असेल तर प्रेशर वाढल्याची खूण. जेट मिळत नाही अशा पेशंटमध्ये हा आकडा फार कामाला येतो आणि तरी तो क्वचितच घेतला जातो.

हृदयाची गती खूप जास्त असेल तर हा वेळ एरवीही आखडतो, हे लक्षात घ्या.

## टप्पा ८: सबकॉस्टल, आयव्हीसी आणि भिंतीची जाडी

पेशंटला आता उताणं करा, गुडघे वाकवायला सांगा, पोट सैल पडतं. कुशीवरच आयव्हीसी मोजली तर ती बारीक दिसते.

आधी आरव्हीची भिंत. डायस्टोलच्या शेवटी, ट्रायकस्पिडच्या पुढच्या पाकळीच्या टोकाच्या पातळीवर. ५ मिमीपेक्षा जाड म्हणजे प्रेशरचा भार जुना आहे. चरबीचा थर आणि आतल्या पट्ट्या धरू नका.

आता आयव्हीसी. सर्वांत जास्त चुका इथं होतात, म्हणून सावकाश.

पहिली चूक: महाधमनीला आयव्हीसी समजणं. आयव्हीसी उजवीकडं, यकृतातून जाते, यकृताची शीर तिला मिळते आणि ती उजव्या एट्रियममध्ये उघडते. हे चारही दिसल्याशिवाय मोजू नका. महाधमनी डावीकडं, भिंत जाड, ठोका तिचा स्वतःचा.

दुसरी: मोजायची जागा. एट्रियमपासून एक-दोन सेमी अलीकडं, शिरेच्या लांबीशी काटकोनात, श्वास सोडल्यावर.

तिसरी, जी सगळ्यांत फसवते: श्वास घेताना आयव्हीसी बाजूला सरकते आणि बीम तिच्या मधून निघून कडेला जातो. पडद्यावर ती मिटल्यासारखी दिसते आणि तुम्ही ‘पूर्ण मिटते’ लिहिता. शंका आली की प्रोब फिरवून शॉर्ट ॲक्सिसमध्ये बघा. गोल खरंच लहान होतोय का, की नुसता पळतोय?

आता स्निफ. ‘जोरात श्वास घ्या’ म्हटलं की लोक छाती फुगवतात, पोट ताठतं, चित्र जातं. मी आजी-आजोबांना सांगतो, ‘तपकीर ओढता तशी नाकानं पटकन ओढा.’ ज्यांनी तपकीर ओढली नाही त्यांनीही कुणाला तरी ओढताना बघितलेलं असतं. एकदा सोबत करून दाखवा, मग क्लिप घ्या.

२१ मिमी किंवा कमी आणि निम्म्यापेक्षा जास्त मिटली: उजव्या एट्रियमचं प्रेशर ३ मिमी पारा धरा. २१ पेक्षा मोठी आणि निम्म्यापेक्षा कमी मिटली: १५. या दोन्हींत न बसणारं: ८. जेटचा वेग ३.२ आणि आयव्हीसी मधल्या गटात असेल, तर ४१ अधिक ८, म्हणजे ४९. सगळ्यांना सरसकट १० मिळवणं बंद करा. मशीनमध्ये तो आकडा आधीच भरलेला असतो, तो बदला.

इशारा: व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमध्ये आयव्हीसी मिटण्यावरून हे प्रेशर काढायचं नाही. तिथं श्वासाची दिशाच उलटी असते. नुसती मोठी आयव्हीसीही तिथं पुरेशी खूण नाही.

## टप्पा ९: आकडे एकमेकांशी लावून बघा

आता प्रोब ठेवा आणि विचार करा. कारण न शोधता प्रेशर लिहिणं म्हणजे अर्धा इको.

उजव्या बाजूचं प्रेशर वाढण्याचं सर्वांत मोठं कारण डावीकडं असतं. आपल्याकडं संधिवाताच्या तापानं आकसलेली मायट्रल झडप अजून दिसते. तरुण बाईत प्रेशर वाढलेलं दिसलं तर मायट्रल पुन्हा नीट बघा. डावी बाजू निर्दोष असेल तर मग फुप्फुस: चुलीचा धूर, बिडी, टीबीनं आखडलेला भाग.

आरव्ही मोठी, सेप्टम डायस्टोलमध्ये सपाट, प्रेशर फारसं नाही, अशी त्रयी दिसली तर एएसडी शोधा. सबकॉस्टलमध्ये दोन एट्रियममधल्या पडद्यावर कलर टाका. वरच्या टोकाचा सायनस व्हेनोसस एएसडी छातीवरच्या इकोत सहज चुकतो. ‘आरव्ही मोठी, कारण कळलं नाही’ असं लिहून अन्ननलिकेतून इको करायला पाठवा. ‘कारण नाही’ लिहू नका.

अचानक धाप लागलेल्या पेशंटमध्ये, विशेषतः पाय सुजलेला, नुकतंच ऑपरेशन झालेलं, असं असेल तर बाहेरच्या भिंतीचा मधला भाग हलत नाही आणि टोक मात्र जोरात हलतं का, ते बघा. हे फुप्फुसातल्या गुठळीत दिसतं, उजव्या बाजूच्या अटॅकमध्येही दिसू शकतं. अशात पल्मनरी डॉप्लरचा वेळ ६० मिलिसेकंदांपेक्षा कमी आणि जेटचा ग्रेडियंट ६० मिमीपेक्षा कमी मिळाला तर गुठळीचा संशय बळावतो. उलट ग्रेडियंट ६० च्या वर आणि भिंत जाड असेल तर दुखणं जुनं आहे, कारण सरावलेली नसलेली आरव्ही एका दिवसात एवढा जोर काढू शकत नाही. मात्र इकोत काही दिसलं नाही म्हणून गुठळी नाही, असं होत नाही. पेशंट स्थिर असेल तर सीटी अँजिओ.

खालच्या भिंतीचा अटॅक घेऊन आलेल्या पेशंटमध्ये आरव्ही बघितल्याशिवाय नायट्रेट देऊ नका. उजवी बाजू अटॅकमध्ये सापडली असेल तर नायट्रेटनं रक्तदाब कोसळतो. इकोआधी ईसीजीची उजवीकडची व्ही-फोर-आर लीडही घ्या, एक मिनिट लागतं.

तपासा: प्रेशर जास्त लिहिलंय, पण सेप्टम गोल, आरव्ही लहान, आयव्हीसी बारीक? बहुधा महाधमनीचा किंवा मायट्रलचा जेट ट्रायकस्पिडचा समजून मोजला गेलाय. प्रेशर नॉर्मल, पण आरव्ही मोठी, सेप्टम सिस्टोलमध्ये सपाट, आयव्हीसी फुगलेली? बहुधा जेट नीट मिळालेला नाही.

## टप्पा १०: रिपोर्ट

रिपोर्ट तुम्ही इंग्रजीत लिहाल, पण क्रम हाच ठेवा: चित्राचा दर्जा, आरव्ही आणि आरएचा आकार, भिंतीची जाडी, सेप्टम, काम (किमान दोन आकडे), जेटचा वेग आणि तो कुठल्या खिडकीत मिळाला, आयव्हीसी, मग प्रेशरचा अंदाज, आणि शेवटी संभाव्य कारण.

उदाहरण म्हणून असं: ‘एपिकल खिडकी मध्यम, सबकॉस्टल चांगली. आरव्ही मोठी, तळाशी ४६ मिमी. भिंत ७ मिमी. सेप्टम सिस्टोलमध्ये सपाट. टॅप्सी १४ मिमी, एफएसी २८ टक्के, दोन्ही कमी. ट्रायकस्पिड जेट ३.८ मीटर प्रति सेकंद, सबकॉस्टलमध्ये. आयव्हीसी २४ मिमी, कमी मिटते. आरव्ही सिस्टोलिक प्रेशर सुमारे ७३ मिमी. डावी बाजू आणि मायट्रल नॉर्मल. पल्मनरी हायपरटेन्शनची शक्यता जास्त, फुप्फुसाचं कारण तपासावं.’

‘शक्यता’ हा शब्द ठेवा. पल्मनरी हायपरटेन्शनचं निदान पक्कं होतं ते उजव्या हृदयाच्या कॅथेटरनं, जिथं धमनीचं सरासरी प्रेशर २० मिमी पाऱ्याच्या वर मिळतं. इकोवरून थेट औषध सुरू केलेले पेशंट आपल्याकडं भेटतात. कॅथ लॅब मिरज-सांगलीत आहे, कराडलाही आहे. पाठवायला अडचण नसते.

प्रिंटबरोबर क्लिप पेन ड्राइव्हवर द्या, आणि रिपोर्टच्या तळाशी त्या दिवशीचं वजन, ऑक्सिजन आणि लघवीच्या गोळीचा डोस लिहा. सहा महिन्यांनी पेशंट परत येईल तेव्हा दुसरा कुणीतरी प्रोब धरेल. जेट कुठल्या खिडकीत सापडला होता हे त्याला कळलं तर तो आधी तिथंच शोधेल.